विदर्भातल्या खेड्यातून समुद्रविज्ञानाच्या एमएस्सीपर्यंत: कुठून सुरुवात करायची

गोव्याला निघाले त्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "मास्यायचं शिकाले एवढ्या दूर काहून जातं वं? आपल्या तलावात का मासे नाहीत?"

काकूंचं काही चुकलं नव्हतं. मूल तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. गावाला लागून मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्यात धिवरांचे डोंगे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, एमएस्सीच्या प्रवेशाला गेले तेव्हा. गेल्या काही वर्षांत गावाकडून मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात: कोणती परीक्षा, किती खर्च, पोहता यायला पाहिजे का, नोकरी लागते का. प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पोहण्याचं आधीच सांगून टाकते. प्रवेशासाठी पोहता येण्याची अट मला कुठेच दिसली नाही. आलं तर चांगलंच. विहिरीत शिकलेलं चालतं.

मर्चंट नेव्हीशी गल्लत नको

गावात "मरीन" म्हटलं की लोकांना पांढरा गणवेश आणि डॉलरमधला पगार आठवतो. ती मर्चंट नेव्ही. तिचे अभ्यासक्रम वेगळे, वैद्यकीय अटी वेगळ्या, आणि त्यांच्यावर नौवहन महासंचालनालयाची देखरेख असते. "मरीन कोर्स करा, जहाजावर लावून देतो" म्हणत तालुक्याच्या गावी कोणी पत्रकं वाटत असेल, तर त्या संस्थेचं नाव महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते संकेतस्थळावर पाहा. यादी पाहण्याआधी एक रुपयाही देऊ नका. शेत गहाण ठेवून पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत.

समुद्रविज्ञान म्हणजे समुद्राचा अभ्यास: त्याचं पाणी, त्यातले प्रवाह, तळाचा गाळ, त्यातले जीव. इथे जहाजावर जायला मिळतं, पण ते नमुने गोळा करण्यापुरतं. वर्षातले बहुतेक दिवस प्रयोगशाळेत किंवा संगणकापुढेच जातात. डॉल्फिन बघायला मिळतील एवढ्याच ओढीने येत असाल तर सहलीला या, खर्च कमी येईल.

तुमचं दार कोणतं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि मला ती कोणी सांगितली नव्हती. समुद्रविज्ञान हा बीएस्सीनंतर पाटी कोरी करून सुरू करायचा विषय नाही. बीएस्सीत जे शिकलात तेच घेऊन समुद्रात उतरायचं असतं. त्यामुळे "मला समुद्रविज्ञान करायचंय" एवढं पुरत नाही. कोणत्या दाराने जाणार ते ठरवावं लागतं. दार ठरलं की कोणतं विद्यापीठ, कोणती परीक्षा आणि पुढे कोणती नोकरी, हे बरंचसं आपोआप ठरतं.

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केली असेल तर भौतिक समुद्रविज्ञान: प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी, समुद्र आणि हवेतली देवाणघेवाण. विदर्भाच्या माणसाला याहून जवळचा विषय नाही. आपल्याकडचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. ती ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत इकडे येतात. उपसागराचं वरचं पाणी तापलेलं असतं, शिवाय गोदावरी, महानदी, गंगा यांच्या गोड्या पाण्यामुळे ते हलकं राहतं आणि खालच्या थंड पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. म्हणजे आपली रोवणी वेळेवर होईल का, याचा बराचसा निकाल तिकडे लागतो. या दाराला गर्दी कमी आहे, कारण गणिताला मुलं घाबरतात. गणित जमत असेल तर डोळे झाकून हे निवडा.

रसायनशास्त्र हे माझं दार. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवन जास्त म्हणून अरबी समुद्र अधिक खारट, नद्या जास्त म्हणून बंगालचा उपसागर कमी. नायट्रेट, फॉस्फेट, ऑक्सिजन, कार्बन यांचा हिशोब ठेवणं हे आमचं काम. तुमच्या कॉलेजात आयोडीनचं टायट्रेशन करून घेतात ना, थायोसल्फेट आणि स्टार्च टाकून? जहाजावर पाण्यातला ऑक्सिजन मोजायला विंकलर पद्धत वापरतात, तिचा शेवटचा टप्पा नेमका तोच. पहिल्या सफरीत माझ्या हातात ब्युरेट दिली तेव्हा जीव भांड्यात पडला, इथे एक तरी गोष्ट ओळखीची आहे!

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठी सागरी जीवशास्त्र. सगळ्यात जास्त गर्दी इथेच. सूक्ष्मजीवांची आवड असेल तर आपल्याकडे लोणार आहे, खारट आणि अल्कधर्मी पाण्याचं. २०२० च्या जून महिन्यात ते सरोवर गुलाबी झालं तेव्हा कारण निघालं मिठाच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. बुलढाण्याच्या पोरांनी तरी सांगू नये की आमच्याकडे खारं पाणी नाही.

भूगर्भशास्त्रवाल्यांना तर समुद्र घराजवळच आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात सिमेंटचे एवढे कारखाने का, तर तिथला चुनखडक. पैनगंगा समूहाचा हा खडक शंभर कोटी वर्षांहूनही आधी समुद्राच्या तळाशी साचला, आणि त्यातल्या एका थराला भूशास्त्रात 'चांदा लाइमस्टोन' असंच नाव आहे. मुलाखतीत "विदर्भातून समुद्राकडे कसे वळलात?" हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर कोरपन्याच्या खाणीत पडलेलं आहे.

मत्स्यविज्ञान हे वेगळं घराणं. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे बारावीनंतर चार वर्षांची बीएफएस्सी होते. पुढे एमएफएस्सी, त्यासाठी मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं महाविद्यालय वगैरे. पण एमएफएस्सीला साधारणपणे बीएफएस्सीच लागते. साधी बीएस्सी करून मग "मला फिशरीजला जायचंय" म्हणणारे दरवर्षी भेटतात. तोवर उशीर झालेला असतो. बारावीत असाल तर हे आताच ठरवा.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आयआयटी मद्रासला महासागर अभियांत्रिकी आहे. पण तो माझा प्रांत नाही.

बीएस्सी करताना तलावावर करायचं काम

समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी एका वर्षाचं खरं काम गावातच करता येतं. प्रवेशाच्या आणि पुढे पीएचडीच्या मुलाखतीत त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दहा प्रमाणपत्रांचा होत नाही.

वेल्डिंगवाल्याकडून २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी कापून घ्या. तिचे चार समान भाग करून एक आड एक काळा आणि पांढरा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोर ओवा, खाली वजन बांधा, दोराला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. झाली सेक्की तबकडी. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ही पद्धत वापरली, आणि आजही जहाजावर तबकडी सोडतात. डोंग्याच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली नोंदवायची, मग वर ओढत पुन्हा दिसू लागली की तीही नोंदवायची. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. दर रविवारी, दुपारच्या सुमारास, एकाच ठिकाणी, वर्षभर. सोबत थर्मामीटरने पाण्याचं तापमान घ्या, पाऊस झाला होता का ते लिहा, तलावात शिंगाड्याची वेल किती पसरली आहे ते लिहा. वही एकच ठेवा आणि पेनाने लिहा. नोंद चुकली तर खोडून न टाकता एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रयोगशाळेत हीच शिस्त लावायला पहिले सहा महिने जातात.

एकट्याने पाण्यात जाऊ नका. ज्यांचा डोंगा आहे त्या काकांना सोबत घ्या. एक तर सुरक्षित, आणि दुसरं म्हणजे त्यांना जे माहीत असतं ते पुस्तकात नसतं. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, हे आमच्या गावातल्या प्रत्येक धिवराला ठाऊक आहे. का येतात? दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री ते बंद होतं, पण शेवाळ, मासे आणि तळाचा चिखल कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतच राहतात. सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. हे मोजायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बुडबुडा न राहता बंद होणाऱ्या दोन बाटल्या आणा. पहाटे एक, दुपारी एक नमुना घ्या. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड तलावाच्या काठावरच टाका, बाटल्या अंधारात ठेवा आणि कॉलेजात नेऊन टायट्रेशन करा. ही रसायनं हाताळायचं आधी सरांकडून शिकून घ्या.

आता याच गोष्टीचा समुद्रातला अवतार. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला एक प्रचंड थर आहे. वरून पडणारं मेलेलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू कुजवतात, त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि ताजं पाणी तिथे पुरेसं पोहोचत नाही. मी पुढे याच थरावर प्रबंध केला. मुलाखतीत मला थराबद्दल फार काही सांगता आलं नव्हतं, पण तलावातल्या पहाटेच्या माशांबद्दल सांगितलं. समोरचे सर खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागले.

मोबाइलवर करायचंही काम आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो यंत्रं तरंगत असतात. साधारण दर १० दिवसांनी ती २,००० मीटरपर्यंत खाली जातात, येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. ही माहिती सगळ्यांना फुकट आहे. 'ओशन डेटा व्ह्यू' हे तिचे आलेख काढायचं सॉफ्टवेअरही विद्यार्थ्यांना फुकट. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणकावर करा. बंगालच्या उपसागरातलं एक आणि अरबी समुद्रातलं एक यंत्र निवडा, दोन्हींच्या क्षारतेचे आलेख शेजारी ठेवा. वर सांगितलेलं गोड्या पाण्याचं प्रकरण डोळ्यांनी दिसेल. यासोबत पायथन किंवा आर यांपैकी संगणकाची एक भाषा थोडी तरी शिका. जीवशास्त्रवाल्यांनीसुद्धा. आमच्या वर्गात मागे पडले ते संगणकामुळे पडले, समुद्रामुळे कोणी पडलं नाही.

इंग्रजीचं ओझं फार घेऊ नका, पण रोज एका शोधनिबंधाचा सारांश वाचा. फक्त सारांश. अडलेले शब्द वहीत उतरवा. दोन महिन्यांत तेच पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात हे लक्षात येतं.

कुठे शिकता येईल

गोवा विद्यापीठ आपल्याला सोयीचं, कारण तिथे मराठी समजते. सागरी विज्ञानाची एमएस्सी वेगवेगळ्या शाखांच्या पदवीधरांना घेता येते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अगदी जवळ आहे. १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली ही संस्था या क्षेत्राचं मोठं घर, आणि प्रबंधासाठी तिथे काम करण्याची संधी मिळू शकते. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकावरची 'मैत्री' आणि 'भारती' ही स्थानकं तेच चालवतं. मात्र बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांना जागा कमी असतात, म्हणून फक्त गोव्यावर विसंबू नका.

कोचीचं कुसॅट, म्हणजे कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, विषयांच्या विविधतेत सगळ्यात पुढे: समुद्रविज्ञान, सागरी जीवशास्त्र, सागरी भूशास्त्र, सगळं आहे. बल्लारशावरून केरळ एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, हे आमच्या भागातल्या लोकांना सुचतच नाही. भौतिकशास्त्रवाल्यांनी विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठाचाही विचार करावा, तिथला हवामान व समुद्रविज्ञानाचा विभाग जुना आहे. गोंदियावरून समता एक्सप्रेस विशाखापट्टणमला जाते.

जीवशास्त्रवाल्यांसाठी आणखी तीन ठिकाणं. तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र. कर्नाटक विद्यापीठाचं कारवारचं केंद्र, गोव्याच्या हद्दीला लागूनच. आणि अंदमानात श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, पाँडिचेरी विद्यापीठाचा विभाग, जिथे प्रवाळ बघायला पुस्तक उघडावं लागत नाही. अंदमानचं नाव ऐकून घरच्यांना काळ्या पाण्याची शिक्षा आठवेल, त्याची तयारी ठेवा.

गणित पक्कं असेल तर आयआयटीत जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरला वातावरण आणि महासागर विज्ञानाची एमएस्सी मिळू शकते.

आणि एक गंमत. चंद्रपूरकरांना सगळ्यात जवळची समुद्राची संस्था समुद्रकिनारी नाहीच, ती हैदराबादला आहे. १९९९ मध्ये सुरू झालेलं 'इन्कॉइस', म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याचा अंदाज देतं आणि २००४ च्या त्सुनामीनंतर इशारा देण्याचं कामही करतं. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात छोटे अभ्यासक्रम होतात. संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

शेवटच्या वर्षाला आलात की दिवाळीच्या आधीपासूनच तारखा बघायला सुरुवात करा. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांची जॅम हमखास हुकते: तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, सीयूईटी-पीजी, २०२२ पासून सुरू झाली. तिचे अर्ज हिवाळ्यात, परीक्षा अलीकडे मार्चच्या सुमारास. पाँडिचेरी विद्यापीठ तिच्यातूनच घेतं. कुसॅटची स्वतःची 'कॅट' असते (एमबीएवाल्यांची नव्हे), गोवा विद्यापीठाचीही स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, म्हणून माझ्या लेखावर विश्वास न ठेवता प्रत्येक विद्यापीठाचं पान आठवड्यातून एकदा उघडा.

अर्ज किमान तीन ठिकाणी करा. परीक्षा केंद्र निवडताना नागपूर भरा, पण आदल्या रात्री नागपुरात मुक्कामाची सोय आधी करा. सकाळच्या पहिल्या एसटीने वेळेवर पोहोचू, हा हिशोब उन्हाळ्यात पंक्चर झालेल्या एसटीसमोर टिकत नाही.

उन्हाळी सुट्टीसाठी वेगळा अर्ज असतो. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या, मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचं, वर विद्यावेतनही मिळतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासूनच भरा. गावाकडून फार कमी अर्ज जातात असं मला वाटतं, नाही तर दरवर्षी कोणीतरी ओळखीचं दिसलं असतं.

कागदपत्रांनी मला रडवलं

इथे थांबून वाचा. माझ्याकडे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र होतं, लॅमिनेशन केलेलं, अगदी फाइलीत पहिल्या पानावर. ते राज्याच्या नमुन्यातलं होतं. एका केंद्रीय संस्थेच्या खिडकीवर बाईंनी ते परत सरकवलं: केंद्राच्या नमुन्यात आणा, आठ दिवस आहेत. मी बाबांना फोन केला. धानाची रोवणी सुरू होती. त्यांनी मजुरांना तसंच सोडलं, तालुक्याला गेले, दोन चकरा मारल्या, कागद स्पीड पोस्टने पाठवला. सातव्या दिवशी पोहोचला. चूक माझीच होती. सूचनापत्रकाच्या शेवटच्या पानावर नमुना छापलेला होता.

म्हणून सेतू केंद्रात जाताना तो नमुना छापून हातात न्या आणि "केंद्राचं ओबीसी" असं स्पष्ट सांगा. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांना केंद्राकडे वेगळं खातं नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघून तसं प्रमाणपत्र काढावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यात हवं आणि ते चालू आर्थिक वर्षाचं हवं. दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात आपलं राज्याचं आरक्षण साधारणपणे चालत नाही, तिथे खुल्या प्रवर्गातून जावं लागू शकतं. हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही.

बाकी लागेल ते: टीसी, विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. मायग्रेशनला वेळ लागतो, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज करा. शेवटच्या सत्राचा निकाल लागायला उशीर झाला तर प्राचार्यांकडून "परीक्षा दिली आहे, निकाल बाकी आहे" असं पत्र घ्या, बरीच विद्यापीठं तात्पुरता प्रवेश देतात. दहावी, बारावी आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का तेही आताच बघा. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायी माझी मैत्रीण तीन दिवस खिडकीसमोर बसली होती.

पैसा

सरकारी विद्यापीठाची फी ही खर्चातली लहान बाजू. वसतिगृह, मेस आणि वर्षातले दोन प्रवास यांत पैसा जातो. वसतिगृह मिळालं तर अर्धी लढाई जिंकली, म्हणून प्रवेशाच्या अर्जासोबतच त्याचा अर्ज करा. राज्याबाहेर शिकताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळेल का आणि कशी, हे निघण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर विचारू नका, समोर बसून लेखी घ्या. कर्ज लागलंच तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेकडे जा, सावकाराकडे नको.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली की चित्र बदलतं. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. नेटमध्ये 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान' असा स्वतंत्र पेपर आहे. जीवशास्त्रवाले जीवविज्ञानाचा देतात. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. महाज्योतीचं मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे.

तिथे पोहोचल्यावर

पहिला पावसाळा अंगावर येतो. आपल्याकडे उन्हाळा जाळतो, तिथे पावसाळा कुजवतो. चामड्याची चप्पल, वह्या, कापडी बॅग, सगळ्याला बुरशी. कागदपत्रं हवाबंद डब्यात ठेवा.

जहाजावरची पहिली सफर बहुतेकांना उलट्यांची असते. लाज वाटायचं कारण नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं खायचं, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघायचं, आणि गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. माझ्या पहिल्या सफरीत मी गाठोड्यातलं चिवडा-मुरमुरे खाऊन दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता सीटीडी वर आलं. सीटीडी म्हणजे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र, त्याभोवती पाण्याच्या उभ्या बाटल्यांचं कडं. खालून आलेल्या बाटल्या हाताला बर्फासारख्या लागल्या. वर हवा घामाची आणि पाणी गार. तेव्हापासून उलटी विसरले.

शाकाहारी असाल तर उपाशी मरत नाही, पण मासे खाणाऱ्यांच्या पंगतीत बसायची सवय करावी लागते. सागरी जीवशास्त्र घेतलंत तर मासे चिरावेही लागतात. हे घरी आधीच सांगितलेलं बरं.

नोकरीचं खरं काय

कायमची नोकरी लवकर लागत नाही. एमएस्सीनंतर बहुतेक जण प्रकल्पांवर लागतात: समुद्रविज्ञान संस्था, ध्रुवीय केंद्र, इन्कॉइस, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था. हे काम कंत्राटी असतं, प्रकल्प संपला की पुन्हा शोध. खाजगीत पर्यावरण सल्लागार कंपन्या आहेत. किनाऱ्यावर बंदर, रस्ता, हॉटेल काहीही करायचं तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आड येतात, मग त्यांना पाण्याचे आणि गाळाचे नमुने तपासणारी माणसं लागतात. समुद्रतळ मोजणाऱ्या सर्वेक्षण कंपन्याही घेतात.

भूगर्भशास्त्रवाल्यांचं सगळ्यात बरं. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं, त्यांचा सागरी विभाग मंगळूरला आहे आणि 'समुद्र रत्नाकर' नावाचं जहाजही. जीवशास्त्रवाल्यांनी नेट-सेट काढून ठेवावी, प्राध्यापकी हा दुसरा रस्ता उघडा राहतो. आणि मुली विचारतात म्हणून: जहाजावर मुली जातात, आमच्या सफरीत सहा होतो.

दोन-तीन वर्षं कंत्राटावर काढायची घरची तयारी नसेल, तर हे निघायच्या आधीच बोलून घ्या. आमच्या घरी मायचं म्हणणं होतं की बीएड कर. मी तिला दोन वर्षं मागितली होती, चार लागली.

आता जुलै लागला की बाबांचा फोन येतो, रोवणीच्या आधी. "तुह्या त्या समुद्रात काही तयार होऊन राह्यलं का?" मी हवामान खात्याचा नकाशा उघडते. उपसागरात काही दिसलं तर सांगते, चार-पाच दिवस थांबा. नसलं तर सांगते, मोटार लावा.